अनोळख्याचे पाणी

मराठीत 'उपकार' हा शब्द उच्चारला की त्याच्या पाठोपाठ 'ओझे' हा शब्द आपोआप येतो. उपकाराची फेड करावयाची, उपकारातून उतराई व्हावयाचे, उपकाराखाली माणूस दबून जावयाचा. ही सारी भाषा पाहिली तर ती सावकाराच्या पेढीवरची वाटते. लग्नात आलेला आहेर घरातील एखादे काटेकोर माणूस वहीत टिपून ठेवते आणि पुढे आहेर करणाऱ्याच्या घरी कार्य निघाले म्हणजे ती वही कपाटातून बाहेर येते. शेजारणीने वाटीभर साखर दिली तर वाटी रिकामी परत करू नये, असा संकेत आहे. यात वाईट असे काही नाही. ओळखीच्या माणसांचा संसार देण्याघेण्यावरच चालतो. पण ओळखीच्या माणसाने केलेल्या उपकाराला हिशेबाची एक बारीक किनार राहते, आणि घेणाऱ्याच्या आनंदात तेवढा संकोच मिसळतो, हेही खरे.

अनोळखी माणसाने केलेल्या लहानशा उपकाराला ही किनार नसते. त्याचे नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, तो पुन्हा भेटण्याचा संभव नाही; मग आहेराची वही उघडावयाची ती कोणाच्या नावाने? अशा उपकारातून जो आनंद निर्माण होतो तो कोणत्या जातीचा असतो आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे पाहावयाचे असेल तर त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या देशातील रस्त्यांवर त्याची एक फार जुनी व्यवस्था आहे. तिचे नाव पाणपोई.

पाणपोईचा थाट तो काय! चार बांबू, वर तुराट्यांचे किंवा झावळ्यांचे छप्पर, खाली वाळू आणि त्या वाळूत अर्धेअधिक पुरलेले दोन रांजण. रांजणांच्या भोवती ओले गोणपाट गुंडाळलेले, तोंडावर लाकडी झाकण, झाकणावर पितळेचा किंवा अॅल्युमिनियमचा पेला. पुष्कळ ठिकाणी हा पेला साखळीने बांधलेला असतो. परोपकारालाही अनुभवाने थोडे शहाणपण येते, एवढाच त्याचा अर्थ. रांजण भाजक्या मातीचा. त्या मातीतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, कोरड्या वाऱ्याने त्याची वाफ होते, आणि ती वाफ होताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून ओढून घेतली जाते. म्हणून हवा जितकी कोरडी, तितके रांजणातील पाणी गार. सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात वैशाखातील वारा अंग भाजून काढीत असतो, त्याच वाऱ्याला रांजण असे कामास लावतो. कोणी त्यात वाळ्याची जुडी सोडतो. कोणी पाण्याच्या आधी गुळाचा खडा हातावर ठेवतो. उन्हातून आलेल्या माणसाने एकदम पाणी पिऊ नये, ही त्यामागची काळजी.

रांजणापाशी बहुधा एखादा वृद्ध गृहस्थ किंवा म्हातारी बसलेली असते. रांजणाचा खर्च करणारा तेथे नसतोच. तो गावातला व्यापारी असेल, शेतकरी असेल, आईच्या स्मरणार्थ चार महिन्यांचे पाणी घालणारा एखादा शिक्षक असेल. पाणी पिणाऱ्याला तो दिसत नाही आणि पिणाराही त्याला दिसत नाही. म्हातारी तेवढी दिसते. "बस बाबा जरा, घाम वाळू दे, मग पी," एवढे ती बोलते. पिणारा ओंजळ करतो किंवा पेला तोंडापासून वर धरतो, दोन पेले पाणी पितो, तिसरा तोंडावर मारतो, उपरण्याने तोंड पुसतो आणि वाटेला लागतो. आभार मानण्याची औपचारिक पद्धत आपल्याकडे पूर्वी नव्हती, अशी तक्रार पुष्कळांनी केली आहे. पण पाणी पिऊन झाल्यावर नकळत जो एक उद्गार तोंडातून बाहेर पडतो, तो ज्याने ऐकला आहे त्याने ती तक्रार मागे घ्यावी.

ही व्यवस्था केवळ महाराष्ट्राची नव्हे. संस्कृतात तिला प्रपा म्हणत. हिंदी मुलखात तिला प्याऊ म्हणतात, गुजरातेत परब, कर्नाटकात अरवट्टिगे, आंध्र व तेलंगणात चलिवेंद्रम्, तमिळनाडूत तण्णीर पंदल, बंगालात जलसत्र, ओडिशात जलछत्र. नोकरीच्या निमित्ताने इंदूर, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता येथे जाऊन राहिलेल्या मराठी माणसाला तेथील भाषा येवो न येवो, उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला मांडलेल्या या मडक्यांचा अर्थ त्याला विचारावा लागत नाही. काही ठिकाणी नुसते पाणी असते, काही ठिकाणी ताक, काही ठिकाणी पन्हे. बाकी व्यवहार तोच.

त्यांतील दोन प्रथा विशेष विचार करण्याजोग्या आहेत. पंजाबात ज्येष्ठाच्या उन्हात रस्तोरस्ती छबील लावतात. दूध, पाणी, साखर आणि गुलाबाचे सरबत एकत्र करून ते मोठ्या भांड्यांतून येणाऱ्याजाणाऱ्याला देतात. मोटारी थांबवून, बसच्या खिडक्यांतून हात घालून देतात. हा दिवस शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव यांच्या हौतात्म्याचा. १६०६ साली लाहोर येथे ऐन उन्हाळ्यात त्यांचा छळ झाला. त्यांना तापलेल्या तव्यावर बसविले आणि अंगावर तप्त वाळू ओतली, असे परंपरा सांगते. दुसरी प्रथा मोहरमच्या सबिलीची. इ. स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानात हुसेन आणि त्यांच्या सोबतच्या माणसांना फरात नदीच्या पाण्यापासून तोडण्यात आले. त्या तहानेच्या आठवणीने आजही मोहरमच्या दिवसांत गावोगाव पाणी आणि सरबत वाटले जाते. महाराष्ट्रातील कित्येक गावांत ते पिणारे आणि कधी कधी वाटणारेही हिंदू असतात. दोन्हीकडे मूळ आठवण आहे ती असह्य यातनेची. तिचा सूड घ्यावा, निदान जन्मभर ती कडवटपणे उगाळीत बसावे, असेही होऊ शकले असते, आणि इतिहासात इतरत्र तसे पुष्कळदा झालेले आहे. पण येथे मात्र शेकडो वर्षांपूर्वी एकाला न मिळालेला थंडावा आज वाटेने जाणाऱ्या कोणाही परक्याला देण्यात येतो.

पाणी पाजण्याच्या या कामाचा फार जुना लेखी पुरावा दिल्लीत उभा आहे. सम्राट अशोकाचा एक स्तंभ मूळचा हरियाणातील तोपरा या गावचा. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो दिल्लीस आणविला आणि आपल्या कोटल्यात उभा केला. त्यावरील ब्राह्मी अक्षरे वाचण्याची किल्ली १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांना सापडली. त्या स्तंभावरील सातव्या लेखात अशोक सांगतो की, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून त्याने रस्त्याकडेला वड लावले, आमराया लावल्या, ठरावीक अंतरावर विहिरी खणविल्या, विसाव्याच्या जागा केल्या आणि ठिकठिकाणी पाणी पिण्याची सोय केली. येथवर कोणताही राजा बोलेल. पण पुढे तो जे म्हणतो ते राजाच्या तोंडी सहसा आढळत नाही. हे सुख लहानसेच आहे, असे तो म्हणतो. पूर्वीच्या राजांनीही असे केले होते, अशी पुस्तीही जोडतो. लोकांनी धर्माचरणास लागावे म्हणून आपण हे केले, असा त्याचा खुलासा आहे.

राजाने मोठे रस्ते बांधावे यात नवल नाही. अधिक नवल वाटते ते साध्या माणसांचे. मुंबईजवळ कान्हेरीच्या डोंगरात लेण्यांच्या शेजारी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्या काळच्या लेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. त्यांतील एका टाक्यावरचा लेख सांगतो की, ते कल्याणच्या एका सोनाराचे दान आहे. जुन्नरच्या परिसरातही अशी दाने कोरलेली आहेत. सोनाराने आयुष्यभर गुंजा आणि मासे मोजले असतील. पण त्या टाक्यातले पाणी किती भिक्षूंनी आणि किती वाटसरूंनी प्याले याचे मोजमाप त्याला कसे करता आले असते? पुढे मुंबईत नळाचे पाणी आले तेव्हाही ही वृत्ती आटली नाही. मशीद बंदराजवळ, भर बाजारात, केशवजी नाईक यांच्या देणगीतून बांधलेले देखणे कारंजे १८७६ सालचे. मुंबईत अशा दगडी प्याऊ पुष्कळ बांधल्या गेल्या. त्यांतील कित्येकींना खाली गुरांसाठी आणि घोड्यांसाठी हौद होते, आणि कित्येकींवर कोणा दिवंगत आप्ताचे नाव होते.

अशोकाने ज्याला लहान म्हटले ते घेणाऱ्याच्या दृष्टीने खरोखर लहान असते काय? हा प्रश्न अलीकडे मानसशास्त्रज्ञांनी शास्त्रीय रीतीने विचारला आहे, आणि त्यांना मिळालेले उत्तर फार बोलके आहे. २००८ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा प्रयोग केला. सेहेचाळीस माणसांना सकाळी एकेक पाकीट दिले. कोणाच्या पाकिटात पाच डॉलर, कोणाच्या वीस. निम्म्यांना सांगितले, हे संध्याकाळच्या आत स्वतःवर खर्च करा; निम्म्यांना सांगितले, दुसऱ्या कोणावर करा. संध्याकाळी पाहिले तो दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी होते, आणि रक्कम पाच होती की वीस याने काहीच फरक पडला नव्हता. आधी विचारले तेव्हा मात्र इतरांनी नेमके उलट भाकीत केले होते : वीस डॉलर आणि तेही स्वतःवर, यातच सुख, असे! सेहेचाळीस माणसांवरून सगळ्या मानवजातीचा निवाडा करू नये, हे खरे. पण पुढे अशा प्रकारचे प्रयोग वेगवेगळ्या देशांत झाले, आणि मूळ गोष्ट पुष्कळ अंशी टिकून राहिली.

याहूनही मार्मिक प्रयोग अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी केले. ते २०२२ साली प्रसिद्ध झाले. शिकागोतील एका उद्यानात हिवाळ्यात बर्फावर घसरण्याचा खेळ चालतो. तेथे आलेल्या काही जणांना गरम चॉकलेटचा पेला देऊन विचारण्यात आले, हा तुम्ही पिता, की कोणा अनोळखी माणसाला देता? ज्यांनी दिला त्यांना मग विचारले, घेणाऱ्याला किती बरे वाटले असेल? त्यांचा अंदाज खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी निघाला. दुसऱ्या एका प्रयोगात लहानसा केक काही जणांना नुसताच मिळाला, तर काही जणांना तो कोणा अनोळख्याने आपण होऊन दिला. केक तोच, चव तीच. पण दुसऱ्या गटाचा आनंद अधिक होता. देणारा वस्तूची किंमत धरून बसतो, घेणाऱ्याला मात्र वस्तूबरोबर आलेली आपुलकी कळते, असा या संशोधकांचा उलगडा आहे. आणखी एका प्रयोगात असे आढळले की, ज्याला अशी भेट मिळाली होती तो पुढे स्वतःच्या हाती पैसे आल्यावर एका तिसऱ्या, संपूर्ण अपरिचित माणसाला अधिक वाटा देऊ लागला. मूळ देणाऱ्याला परत करण्याचा मार्ग नव्हता; म्हणून ते देणे पुढे सरकले. पाणपोईवर पाणी पिऊन गेलेला माणूस म्हातारीला पेला परत पाजीत नाही. तो पुढच्या मुक्कामी कोणाच्या डोक्यावरची मोळी उतरवू लागतो, इतकेच.

सत्कृत्ये कमी का होतात, याचे एक कारण येथे सापडते. माणसे दुष्ट असतात म्हणून नव्हे, तर 'एवढ्याशाने काय होणार' असे त्यांना वाटते म्हणून हात पुढे होत नाही. बसमध्ये सरकून जागा करून देणे, चुकलेल्याला चार पावले चालून रस्ता दाखविणे, या गोष्टी करणाऱ्याला क्षुल्लक वाटतात, आणि त्या क्षुल्लकपणाचीच त्याला लाज वाटते.

मात्र पाणपोईची एवढी थोरवी सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच पाणपोईवर एक बांबूचे नळकांडे टांगलेले असे. सर्वांना ओगराळ्याने पाणी मिळे, पण एखादा वाटसरू आला की रांजणापाशी बसलेले माणूस आधी विचारी, "कोण रे तू?" उत्तर ऐकल्यावर नळकांडे खाली येई, आणि तो माणूस चार हातांवर उकिडवा बसून त्या नळकांड्याच्या टोकाशी ओंजळ धरी. पाणी त्याच रांजणातले आणि तितकेच गार. पण ते पिऊन उठणाऱ्याच्या तोंडून तो उद्गार निघत असेल काय? संत एकनाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी केली, ही कथा ज्या गावांत डोळ्यांत पाणी आणून ऐकली जाई, त्याच गावांत ते नळकांडे टांगलेले असे.

हे नळकांडे काढून टाकण्याचे काम एका दिवसात झाले नाही. महात्मा फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुला केला. पुढे १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे असावेत असे ठरविले, आणि दुसऱ्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर झालेल्या या ठरावाने कोणाचीही तहान भागली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर त्या माणसांवर हल्ले झाले, तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले आणि वाद न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १९३७ साली लागला. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांच्या वापरात असा भेद करण्यास मनाई केली.

पाणपोईच्या विषयात हा इतिहास आडवाटेचा वाटेल. पण विषयाचे मर्म येथेच आहे. अनोळखी माणसाच्या उपकारात आनंद असतो तो त्याने आपली ओळख विचारली नाही म्हणून. "कोण रे तू?" हा प्रश्न आधी आला की पाणी उरते, पाणपोई उरत नाही. पुराणांतील दानप्रकरणांत प्रपा चालविण्याची ऐपत नसलेल्यासाठी एक सोय सांगितली आहे : त्याने रोज गार पाण्याचा एक घडा ब्राह्मणाच्या घरी द्यावा. अक्षय्य तृतीयेच्या उदककुंभदानाची प्रथा आजही चालू आहे. तिच्यामागची श्रद्धा आदरणीय आहे. पण घडा कोणाच्या घरी जावयाचा हे ज्यात ठरलेले असते ते दान आणि रस्त्यावरचा रांजण यांत फार मोठे अंतर आहे. रांजणाला पुढचा माणूस कोण येणार हे ठाऊक नसते.

आता रस्त्यावरचे रांजण कमी झाले आहेत. विकत मिळणाऱ्या पाण्याच्या बाटलीने त्यांची जागा घेतली. बाटलीचा एक मोठा गुण असा की ती आपली जात विचारीत नाही, फक्त पैसे विचारते. दोष सांगण्याची आवश्यकता नाही. मुंबईतील जुन्या प्याऊ मधल्या काळात कोरड्या पडल्या होत्या. काहींचा अलीकडे जीर्णोद्धार झाला आहे.

परंतु ज्यांना उन्हाळ्यात गुजरात, राजस्थान किंवा मध्य प्रदेशातून रेल्वेने जावे लागते त्यांना पाणपोई निराळ्या रूपात भेटते. गाडी एखाद्या स्थानकावर दोनचार मिनिटे थांबते. अनारक्षित डबे बहुधा गाडीच्या अगदी पुढे किंवा अगदी मागे असतात. फलाटावरचा नळ तेथून लांब, आणि खाली उतरावे तर जागा जाण्याचे भय. इतक्यात बादल्या, नरसाळी आणि रबरी नळ्या घेतलेली माणसे धावत येतात. कोणी कॉलेजातला मुलगा, कोणी निवृत्त कारकून, कोणी दुकान नोकरावर सोडून आलेला व्यापारी. "पानी, ठंडा पानी!" खिडकीच्या गजांतून रिकाम्या बाटल्यांचे वीस हात बाहेर येतात. नरसाळे एका बाटलीतून दुसरीत जाते. कोणी तिकीट विचारीत नाही, गाव विचारीत नाही. गाडी हलते, तरी एखादा पोरगा शेवटच्या खिडकीबरोबर धावत राहतो, कारण त्या बाटलीत अजून दोन बोटे पाणी कमी असते. आत बसलेला मराठी प्रवासी त्याला काही म्हणू पाहतो. तोवर फलाट संपलेला असतो. पुढची दहा मिनिटे त्या डब्यात एक चमत्कार चालू राहतो. ज्यांनी मघाशी जागेवरून एकमेकांना शिव्या दिल्या होत्या, तेच भरलेल्या बाटल्या एकमेकांच्या मुलांपुढे धरू लागतात. हा परिणाम जन्मभर टिकतो असे कोणी म्हणणार नाही. पुढच्या स्थानकावर नवी गर्दी चढली की भांडण पुन्हा सुरू होण्याचा पुष्कळ संभव असतो. पण दहा मिनिटे तरी तो डबा राहण्याजोगा झालेला असतो, आणि प्रवास बहुधा अशा दहा-दहा मिनिटांनीच पार पडतो.

इकडे खेड्यातली पाणपोई मृग लागेपर्यंत चालते. पहिला पाऊस पडून गेला की छप्पर उतरवितात, गोणपाट वाळत घालतात, साखळी सोडून पेला देणगीदाराच्या घरी पोहोचवितात. उन्हाळाभरात किती माणसे आली याची नोंद कोणी ठेवलेली नसते. म्हातारीला विचारले तर ती "आली पुष्कळ" एवढेच सांगते आणि एखाद्या रडव्या पोराची किंवा पायांत खडा रुतलेल्या बैलाची हकीकत सांगत बसते. सांडलेल्या पाण्याने रांजणाभोवती थोडे गवत उगवलेले असते, ते शेळ्या खाऊन टाकतात. मग रांजण वाळूतून उकरून काढतात, त्याला कोठे चीर गेली आहे काय हे बोटाने वाजवून पाहतात, आणि पुढच्या पाडव्यापर्यंत भिंतीच्या आडोशाला पालथा घालून ठेवतात.